परस नसलेल्यांची परसबाग

शाळेच्या स्मरणिकेत इमारतींविषयी, निकालांविषयी आणि मान्यवरांच्या भेटींविषयी विपुल लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. आम्ही मात्र या पानांवर भोजनगृहामागील एका लहानशा तुकड्याविषयी लिहिणार आहोत. तिथे पूर्वी भांड्यांचे सांडपाणी साचत असे, डास होत असत. आज तिथे मेथी, पालक, दोडका आणि शेवगा आहे. वेळुवन, जेतवन ही नावे आपल्या मुलांना पाठ असतात. मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरालाही नागसेनवन असेच नाव आहे. विद्येच्या ठिकाणास वन म्हणण्याची परंपरा असलेल्या आपल्या समाजाने शाळेतील वाफ्याकडे शोभेची वस्तू म्हणून पाहू नये, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. त्यासोबत, ज्यांनी आजवर कधी एक रोपही लावले नाही, त्यांनी आरंभ कसा करावा हेही अनुभवाच्या आधारे मांडतो.

'परसबाग' हा शब्द ऐकावयास साधा वाटतो. परस म्हणजे घरामागची मोकळी जागा. पण गावकुसाबाहेरच्या वस्तीत घराला घर लागलेले असते. पुढे बोळ आणि मागे शेजाऱ्याची भिंत. तिथे परस असतोच कुठे? आमच्या वसतिगृहातील कित्येक मुलांचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. त्यांचे अर्धे वर्ष फडाशेजारच्या कोपीत जाते. पिढ्यानपिढ्या ज्यांनी दुसऱ्यांची शेते पिकवली, त्यांच्या नावावर हातभर जमीन नव्हती. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, ते याच वेदनेतून. आजही गायरानाच्या तुकड्यासाठी कित्येक कुटुंबे कचेऱ्यांचे उंबरे झिजवीत आहेत. म्हणूनच परसबाग हा जमीनदारांचा छंद आहे असे मानून आपण तिच्याकडे पाठ फिरविणे आम्हांस मान्य नाही. ज्याला परस नाही, त्यालाच ती अधिक शिकविली पाहिजे.

हा विचार आम्ही सहज स्वीकारला असे मात्र नाही. बागेचे काम सुरू झाल्यावर एक पालक मुलाला भेटावयास आले. मुलाच्या हातात खुरपे पाहून ते आम्हांस म्हणाले, "सर, खुरपंच धरायचं असतं तर पोराला साळंत कशाला घातलं असतं?" आम्ही निरुत्तर झालो. त्या गृहस्थांचे म्हणणे खोटे नव्हते. खुरपे हे त्यांच्या घरात कोणाच्या आवडीने आले नव्हते. ते लादले गेले होते. शाळा म्हणजे त्या खुरप्यापासून सुटका, ही त्यांची समजूत अनुभवाने आलेली होती.

त्या दिवसानंतर आम्ही एकत्र बसलो आणि बागेचे चार नियम ठरविले. पहिला, तासिका बुडवून बागेत काम नाही. दुसरा, शिक्षा म्हणून कोणालाही बागेत पाठवावयाचे नाही. तिसरा, प्रत्येक वाफ्यावर तो सांभाळणाऱ्या दोन मुलांच्या नावांची पाटी असेल. तिथे काय लावावे हे तेच ठरवतील आणि निघालेली भाजी प्रथम त्यांच्या ताटात येईल. चौथा, पाणी, दिवस आणि उत्पन्न यांची नोंद वहीत होईल, म्हणजे बाग ही गणिताची आणि विज्ञानाची प्रयोगशाळा होईल. राबणे आणि जोपासणे यांत जो फरक आहे, तो या चार नियमांत आहे असे आमचे मत आहे. ज्या शाळांत हे नियम नाहीत, तिथे त्या पालकाचा प्रश्न आजही खरा आहे.

आपल्या ताटाचा प्रश्न

धाराशिव जिल्ह्यात पावसाचा भरवसा नाही. २०१५-१६ च्या दुष्काळात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहिलेली मुले आज महाविद्यालयात आहेत. शेजारच्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सर्वांच्या स्मरणात आहे. एकेकाळी ज्वारी-बाजरीच्या पाटीत तूर, मटकी, अंबाडी, कारळे असे कितीतरी काही उगवत असे. आता खरिपात सोयाबीन सर्वदूर दिसते. सोयाबीन विकून पैसा येतो, पण ते भाजी म्हणून ताटात येत नाही. भाजी आठवडी बाजारातून विकत आणावी लागते, आणि हातात पैसा नसेल तेव्हा भाकरीसोबत चटणी किंवा पातळ वरण यांवर भागवावे लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. निम्म्याहून अधिक! या आकड्यात आपल्या आया-बहिणी आहेत.

यावर वाट काढणाऱ्या स्त्रियाही याच जिल्ह्यात आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने लोहारा आणि उमरगा तालुक्यांतील गावे उद्ध्वस्त केली. त्या पुनर्वसनाच्या कामातून स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था उभी राहिली. तिच्या साथीने जिल्ह्यातील अनेक स्त्रियांनी घरच्या शेतातील अर्धा-एक एकर मागून घेतला आणि त्यावर नगदी पिकाऐवजी धान्य, कडधान्य आणि भाजीपाला लावला. आधी घरचे ताट भरावयाचे, उरलेले बाजारात न्यावयाचे, हा त्यामागील हिशेब. या कामास २०१६ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. आम्ही त्यातून एकच धडा घेतला: काय पेरावे याचा निर्णय ताटाकडे पाहून करावा. ज्यांच्याकडे एकर नाही, त्यांनी तोच निर्णय एका वाफ्यापुरता करावा.

आमची फजिती

पहिल्या वर्षी आम्ही जे केले, ते कोणी करू नये. उत्साहाच्या भरात सगळी जागा एकदम खणली. वीस प्रकारची बियाण्यांची पाकिटे आणली. उकिरड्यावरचे ओले शेण तसेच मातीत मिसळले. त्यातून हुमणी झाली आणि तिने रोपांच्या मुळ्या खाल्ल्या. जी मेथी वाचली, ती सगळी एकाच आठवड्यात तयार झाली. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ मेथी खाऊन मुले कंटाळली आणि पुढे महिनाभर मेथीची काडीही दिसली नाही. सुट्टी लागल्यावर पाणी कोणी घालावे हे ठरलेच नव्हते. परत येऊन पाहतो तो शेळ्यांनी उरलेसुरले संपविलेले. उस्मानाबादी शेळीची कीर्ती दूरवर आहे. तिच्या भुकेचा अनुभव आम्ही घेतला.

या फजितीतून जे शिकलो, ते नवशिक्यांसाठी क्रमाने देतो.

आधी पाणी, मग बी

आपल्याकडे बागेचा विचार पाण्यापासून सुरू करावा. "प्यायलाच पाणी नाही, बागेला कुठून?" हा आक्षेप प्रत्येक घरात ऐकू येतो. त्याचे उत्तर हिशेबाने द्यावे. पाच माणसांच्या घरात आंघोळीला प्रत्येकी एक बादली धरली तरी दररोज सुमारे ७५ लिटर पाणी मोरीतून वाहून जाते. तीन फूट रुंद आणि दहा फूट लांब वाफ्यास, माती झाकलेली असेल तर, हिवाळ्यात दिवसाआड दोन बादल्या म्हणजे ३० लिटर पाणी पुरते. याचा अर्थ, जे पाणी आपण गटारात सोडतो त्याच्या पाचव्या हिश्शात एक वाफा जगतो.

मात्र सांडपाणी वापरताना काळजी घ्यावी. कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी बागेस घालू नये. आंघोळीचे आणि भांड्यांचे पाणी खडी व वाळू भरलेल्या लहान खड्ड्यातून जाऊ द्यावे. खड्ड्याच्या कडेला कर्दळ लावावी. हे पाणी केळी, पपई, शेवगा आणि वेलवर्गीय भाज्यांच्या बुडाशी द्यावे. कोथिंबीर, मुळा, गाजर अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना ते देऊ नये. त्यांच्यासाठी भाज्या-डाळी धुतलेले पाणी राखून ठेवावे.

उन्हाळ्यासाठी मडक्याची युक्ती उत्तम. बिनझिलईचे मातीचे मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरावे, पाण्याने भरावे, तोंडावर झाकण ठेवावे आणि सभोवती दुधी, दोडका किंवा काकडीच्या तीन-चार बिया टोकाव्यात. मडक्याच्या अंगातून पाणी झिरपते आणि ते थेट मुळांना मिळते. वर ऊन असले तरी वाया जात नाही. फुटक्या काठाचे जुने मडकेही यास चालते. गोरोबाकाकांचे तेर ज्या जिल्ह्यात आहे, तिथे मडक्याचे मोल आम्ही काय सांगावे!

माती, खत आणि आच्छादन

वाफा तीन-चार फुटांहून रुंद करू नये, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो आणि माती तुडविली जात नाही. काळ्या भारी जमिनीत पावसाळ्यात पाणी साचून मुळे कुजतात. म्हणून तिथे वीतभर उंच गादी वाफा करावा. भूम-वाशीकडील माळावर मुरूम लागतो. तिथे फूटभर खोल खणून मुरूम काढावा आणि गाळाची माती व खत भरावे. उन्हाळ्यात मात्र सपाट किंवा किंचित खोलगट वाफा बरा, पाणी थांबते.

शेणखत पूर्ण कुजलेले असावे. मूठभर घेऊन वास घ्यावा. शेणाचा वास न येता पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला म्हणजे ते तयार समजावे. भाज्यांची देठे, साली आणि वाळलेला पाला यांचे थर एका खड्ड्यात घालून वर माती पसरावी, ओल राखावी. तीन-चार महिन्यांत चांगले खत होते. शिजविलेले उरलेले अन्न त्यात टाकू नये; उंदीर-घुशी येतात.

रोपे बोटभर वाढली की मातीवर सोयाबीनचे भुसकट किंवा उसाचे पाचट दोन-तीन बोटे जाड पसरावे. आपल्या भागात हे फुकट मिळते, आणि अनेक ठिकाणी पाचट जाळले जाते. आच्छादनाने पाणी निम्म्यावर येते, तण कमी होते आणि कालांतराने त्याचेच खत होते. आमच्या वहीतील नोंदी पाहता, सर्वांत कमी श्रमात सर्वांत अधिक लाभ देणारी गोष्ट हीच ठरली आहे.

काय आणि केव्हा लावावे

नवशिक्याने पहिल्या वर्षी पाचच भाज्या घ्याव्यात. पावसाळ्याच्या आरंभी भेंडी, गवार आणि दोडका. पावसाळा सरल्यावर मेथी आणि पालक. मेथी महिनाभरात, पालक महिना-सव्वा महिन्यात आणि भेंडी दीड-दोन महिन्यांत ताटात येते. मुलांचा धीर टिकावा म्हणून लवकर येणारी एक तरी भाजी असावीच. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोलीवर पेरावे. खोल गेलेले बी उगवत नाही आणि दोष दुकानदाराला दिला जातो. मेथी, पालक आणि कोथिंबीर यांचा वाफा एकदम न पेरता चार भाग करून दर दहा दिवसांनी एक भाग पेरावा. आमच्यावर मेथीचा जो प्रसंग ओढवला, तो याने टळतो. धने पेरण्यापूर्वी हलके रगडून दोन फाकी कराव्यात.

दुसऱ्या वर्षी वांगी, मिरची आणि टोमॅटो यांकडे वळावे. यांची रोपे आधी लहान जागेत तयार करून महिना-दीड महिन्याने, सायंकाळी, ओल्या मातीत लावावीत. शेवगा तर प्रत्येक दारी असावा. पावसाळ्यापूर्वी मनगटाएवढी जाड फांदी लावली तरी फुटते. झाड पुरुषभर उंच झाले की शेंडा खुडावा, म्हणजे शेंगा आणि पाला हाताशी राहतात. त्याच्या पाल्याची भाजी लोह आणि जीवनसत्त्वांनी समृद्ध असते. जिथे इतकीही जागा नाही, तिथे पत्र्याच्या डब्याला बुडाशी भोके पाडून मेथी लावता येते, आणि छपरावर दोडक्याचा वेल चढविता येतो. वेलीला जमीन फूटभरच लागते.

आणखी एक गोष्ट. तण म्हणून काही उपटण्यापूर्वी घरातील आजीला दाखवावे. घोळ, तांदुळजा, पाथरी या भाज्या न पेरता उगवतात. त्या ओळखणारी माणसे आपल्यातून एकेक जात आहेत. पुस्तकात चित्र पाहून ते ज्ञान तितके येत नाही.

कीड दिसली की लगेच विषारी औषध आणू नये. मावा आला तर पाण्याच्या जोराने तो धुऊन निघतो. तरीही राहिला तर ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवाव्यात, सकाळी फडक्याने गाळून घ्याव्यात आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून सायंकाळी फवारावे. उन्हाळ्याच्या अखेरीस लिंबाखाली पडलेल्या निंबोळ्या वेचून वाळवून ठेवल्या तर वर्षाची सोय होते. कुंपणास बाभळीच्या व बोरीच्या फांद्या पुरेशा आहेत. सुट्टीत पाणी कोण घालणार याची यादी सुट्टी लागण्यापूर्वी भिंतीवर लावावी.

बी राखणे

आमच्या दृष्टीने परसबागेचा खरा धडा शेवटी येतो. चांगल्या वेलीवरचे पहिल्या बहरातील एक उत्तम फळ तोडू नये. त्यावर दोरा बांधून ते वेलीवरच वाळू द्यावे. बी काढून सावलीत सुकवावे, राखेत मिसळून कोरड्या बरणीत ठेवावे आणि वर नाव व साल लिहावे. संकरित वाणाचे बी पुढच्या वर्षी मूळ गुणाचे उतरेल असे नाही. म्हणून देशी वाण शोधावेत. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे शाळेची पायरी चढल्या नव्हत्या. तरी देशी बियाणे जपण्याच्या कामासाठी त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. विद्या कोणत्या वाटेने येते याचे हे उदाहरण आम्ही वर्गात आवर्जून सांगतो.

प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेत शालेय परसबागेस स्थान आहे, आणि अनेक शाळांत ती दिसतेही. पण पुष्कळदा छायाचित्र निघाले की बाग संपते. दरवर्षी पाहुण्यांच्या हस्ते त्याच खड्ड्यात नवे रोप लावले जाते, हे दृश्य आम्हीही पाहिले आहे. आमच्या मते शाळेने एकच कसोटी ठेवावी: मुलगा सुट्टीत घरी जाताना त्याच्या खिशात बी आहे काय? असेल तर बाग झाली; नसेल तर नुसते प्रदर्शन झाले.

ज्या पालकांनी आम्हांस प्रश्न विचारला होता, ते पुढच्या वर्षी फडावर निघण्यापूर्वी पुन्हा आले. मुलाने त्यांना आपल्या नावाची पाटी दाखविली आणि मेथीच्या दाण्यांची पुडी दिली. त्यांनी पाटी बराच वेळ पाहिली, पुडी खिशात ठेवली. बोलले काहीच नाहीत. त्यांचा प्रश्न मिटला असे आम्ही म्हणत नाही. जमिनीचा न्याय एका वाफ्याने होत नसतो, आणि तो मागण्याचे काम थांबता कामा नये. पण कोपीच्या दाराशी, आंघोळीच्या पाण्यावर, महिनाभरात एक जुडी मेथी हाती येणे ही गोष्ट दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नाही, हेही लहान नव्हे.

या शाळेत शिकून गेलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना आणि विद्यार्थिनींना शेवटी एक विनंती. यापुढे शाळेत याल तेव्हा हार, शाल, श्रीफळ आणू नका. आपल्या गावातील एखाद्या जुन्या भाजीचे मूठभर देशी बी कागदात बांधून आणा आणि पुडीवर गावाचे व ते जपणाऱ्या माउलीचे नाव लिहा. भोजनगृहामागे त्यासाठी एक फळी मोकळी ठेवली आहे.